नळीच्या टोकाशी आलेलं वजन

बाई, परवा दुपारी मी गॅरेजमध्ये रिकामी रायफल डाव्या हाताच्या एका बोटावर आडवी तोलून पाहत होते. तोल सापडल्याबरोबर माझा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला, खडू काढायला. माझ्या खिशात खडू असायचं काही कारण नाही. खडू तुमच्या खिशात असायचा. शाळेतल्या छात्रसेनेच्या परेडला घालायच्या खाकी शर्टाच्या खिशाला त्याचा पांढरट डाग कायमचा पडला होता. गणिताच्या तासाला तो खडू फळ्यावर चालायचा आणि शाळा सुटल्यावर ओढ्याकाठच्या रेंजवर तुम्ही त्यानेच आमच्या रायफलच्या लाकडावर एक बारीक रेघ ओढायचात. इथे हिचा तोल आहे, आता ही विसरून जा आणि हात हवा तिथे ठेव, असं म्हणायचात. आधी रेघ ओढायची आणि मग ती विसरायची, हे मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर गेल्या महिन्यापर्यंत कळलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही गेल्याची बातमी मला इथे परदेशात, क्लेटन नावाच्या उपनगरातल्या भाड्याच्या घरात कळली. युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकणाऱ्या आम्ही पाच-सहा मुली तिथे राहत होतो आणि स्वयंपाकघर एकच होतं. मी खिचडी टाकली होती, शेजारच्या शेगडीवर एक पंजाबी मुलगी राजमा ढवळत होती. गावाकडच्या मैत्रिणीचा फोन आला. ती म्हणाली, ‘अगं, आपल्या बाई गेल्या.’ मी ‘कधी?’ विचारलं आणि खिचडी खाली लागू नये म्हणून गॅस बारीक केला. पंजाबी मुलीने विचारलं, ‘क्या हुआ? घर से फोन था?’ मी म्हटलं, ‘कुछ नहीं, स्कूल की टीचर.’ नंतर किती तरी वर्षं मी स्वतःला विचारत आले की मी ‘कुछ नहीं’ का म्हटलं. ती खिचडी मी पूर्ण खाल्ली एवढं आठवतं.

मी आता काय करते हे तुम्हाला आवडेल की नाही, मला माहीत नाही. पर्यावरणाची पदवी घेतली, पहिली काही वर्षं डँडेनॉन्गच्या एका गोदामात शिफ्टा केल्या, मग जंगल आणि पाणवठे सांभाळणाऱ्या एका छोट्या कंत्राटी टोळीत लागले. आमच्याकडे परक्या जनावरांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम असतं. रानडुकरं, कोल्हे आणि सगळ्यात जास्त सांबर. हो, आपल्याकडचंच सांबर. फार पूर्वी कुणीतरी गोऱ्याने हौसेने इथे आणून सोडलं, आणि इथल्या दऱ्यांमध्ये त्याला खाणारं कुणी नाही. ते झाडांच्या साली सोलतं, झऱ्यांच्या काठांचा चिखल करतं, आणि त्या चिखलात इथले बेडूक संपतात. माझ्या सासूबाई फोनवर नातेवाइकांना सांगतात की सून वनखात्यात आहे. नवरा पाहुण्यांना सांगतो, ‘आमच्या घरात शाकाहारी मी, आणि बायको हरणं मारते.’ सगळे हसतात, मीही हसते. तुम्ही आम्हाला कागदाशिवाय कशावरही नेम धरू दिला नाहीत. ओढ्याच्या बांधावर एकदा मुंगूस आलं, तर ते जाईपर्यंत तुम्ही सगळ्या रायफली खाली ठेवायला लावल्या होत्या. ट्रिगरवर बोट ठेवताना ते मुंगूस अजून कधीकधी माझ्यासमोरून चालत जातं. मी त्याला जाऊ देते आणि मग काम करते. हे बरोबर आहे का, याचा निवाडा मी रोज करते आणि रोज तो अर्धवट राहतो.

मूळ गोष्ट कानाची आहे. गेल्या वर्षी मला डाव्या कानाने कमी ऐकू येतंय हे माझ्या मुलीच्या लक्षात आलं. ती गाडीत मागे डावीकडे बसते आणि बडबडते. मी उत्तर देत नाही म्हणून एक दिवस ती ओरडली, ‘मम्, आर यू इग्नोरिंग मी?’ कानाच्या दवाखान्यातल्या बाईने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी बटण हातात धरून बसले होते आणि बाहेर ती आलेखावर ठिपके काढत होती. डाव्या कानाचे ठिपके उतारावरून गडगडत गेल्यासारखे खाली गेले होते. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्यांचा डावा कान आधी जातो, ती म्हणाली, कारण तोच नळीच्या बाजूला असतो. ‘तुमच्याकडे घरात कुणाला होतं का हे?’ मी म्हटलं, ‘घरात नाही. शाळेत होतं.’ तिला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं.

तुमचा डावा कान पूर्ण गेला होता. म्हणूनच तुम्ही आमच्या डावीकडे, जरा मागे उभ्या राहायच्या. म्हणजे चटईवर पालथ्या पडलेल्या मुलीकडे तुमचा चांगला उजवा कान यायचा. आणि तुम्ही गुणगुणायच्या. गाणं नाही, एकच खालचा सूर, दळणाच्या गिरणीचा लांबून यावा तसा. तुम्हाला माहीत नव्हतं की तो आवाज बाहेर येतो. आम्ही एकमेकींना कोपराने ढोसून हसायचो. ‘मोटर सुरू झाली,’ कुणीतरी कुजबुजायचं. पण मला हळूहळू लक्षात आलं की सूर थांबला की गोळी सोडायची. तुम्ही श्वास धरायच्या तेव्हा तो थांबायचा, आणि तुमचा श्वास त्या मुलीच्या श्वासाबरोबर चाललेला असायचा. जिची पाळी असेल तिच्या श्वासाने तुम्ही श्वास घ्यायच्या.

तो सूर ऐकू यावा म्हणून मी एकदा डाव्या कानातला कापूस काढून टाकला होता. तुम्ही पाहिलंत. मला उभं केलंत, सगळ्यांसमोर. ‘कापूस कुठाय?’

‘पडला, बाई.’

‘पडला? मग चटईवर शोध. शोध की.’ मी शोधायचं नाटक केलं. ‘बहिरी व्हायचंय तुला? माझ्यासारखी? लग्नात नवरा नाव घ्यायचा आणि तुला वाटायचं पाहुणे भांडतायत.’ मुली फिसकन हसल्या. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कुंकवाची एक जुनी पितळी डबी दिलीत. आत मेणात घोळलेले कापसाचे दोन बोळे होते, माझ्या कानाच्या मापाचे. मेण बोटांनी मळून मऊ करायचं, कानात बसवायचं आणि काम झालं की परत डबीत ठेवायचं. ती डबी अजून माझ्याजवळ आहे, रायफलच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. मी ती वापरत नाही, इथे कामावर कानात घालायचे चांगले रबरी बोळे मिळतात. मागे एकदा उघडली तेव्हा मेण दगडासारखं झालं होतं.

तर कानामुळे मला आवाज दाबणारं नळकांडं लावायची परवानगी घ्यावी लागली. मोटरसायकलला सायलेन्सर असतो तसंच, पण रायफलच्या नळीच्या टोकाला बसणारं. इथे ते कुणालाही मिळत नाही. कामाचा परवाना आणि त्यावर वेगळी परवानगी, असं बरंच काही लागतं. मिळालं आणि मी खूश झाले. पहिल्यांदा खांद्याला लावली तेव्हा मात्र माझी रायफल माझी राहिली नव्हती. वजन नळीच्या टोकाशी गेलं होतं. इतकी वर्षं जिथे माझी तर्जनी विसावायची त्या जागेपासून तोल बराच पुढे सरकला होता. चटईवर, आधारावर ठेवून झाडायची असेल तर ते चांगलंच, नळी हलत नाही. पण उभ्याने, उतारावर, झाडीतून चाललेल्या जनावरामागे नळी फिरवायची तर डाव्या खांद्यातून कळ यायची. रायफल लांबलीही होती, फांद्यांत अडकायची. अंधाऱ्या घरात सामान हलवल्यावर माणूस स्वतःच्याच खुर्चीला धडकतो, तसं रोज होत होतं.

मग मी शिकलेल्या माणसासारखं वागले. तरफेचं गणित मांडलं. पुढे वजन आलं म्हणून मागे वजन द्यायचं. दस्त्याच्या पोकळीत शिशाच्या गोळ्या भरल्या, कापडात बांधून, खुळखुळू नयेत म्हणून. तोल बोटावर परत जुन्या जागी आला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. माझ्याबरोबर काम करतो तो म्हातारा इथलाच, गिप्सलँडच्या डोंगरात वाढलेला. त्याने ती हातात घेतली, खांद्याला लावली, उतरवली, पुन्हा लावली.

‘वेल, इट्स बॅलन्स्ड,’ तो म्हणाला.

‘आय नो!’

‘सो इज अ फेन्स पोस्ट, मेट.’

मला राग आला. त्याला गणित समजत नाही, असं मी डायरीत लिहिलं. वाक्य अजून तिथे आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही एका पाणलोटात होतो. दुपार कलली होती, ऊन तिरपं पण भरपूर. झऱ्यापलीकडच्या उतारावर तीन सांबरं, तिन्ही माद्या, नेच्याच्या झुडपांत चरत होत्या. ‘युअर कझिन्स, मेट,’ म्हातारा नेहमीप्रमाणे कुजबुजला. त्यातली पुढची चालू लागली. मी उभी होते. नळी तिच्यामागे फिरवली. निघायला जड, आणि एकदा निघाली की थांबायला जड. दोन्ही टोकांना वजन बांधलेली काठी जशी स्वतःच्याच तालात फिरते तशी ती माझ्या हातांना न जुमानता उशिराच फिरली. मी गोळी सोडली ती जिथे हवी तिथून हातभर मागे लागली.

आता जे सांगते ते मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. पूर्वी गोळी सुटली की दरी फुटायची, पाखरं उडायची, जनावरं उधळायची, आणि त्या गोंधळात माझा भाग लपून जायचा. या वेळी एक फटकारा ऐकू आला, ओला टॉवेल झटकावा तसा, आणि मग काहीच नाही. पाखरं उडाली नाहीत. लागलेली मादी पळाली नाही. ती उभी राहिली, आपल्याला कुणीतरी हाक मारली पण कुणी ते कळेना, अशी. बाकीच्या दोघी तिच्याकडे पाहत राहिल्या. एकीने पुढे येऊन तिची मान हुंगली. नळकांडं उन्हाने आणि गोळीने तापलं होतं, त्याच्या झळेने रायफलवरच्या दुर्बिणीतलं चित्र लहरत होतं. तिन्ही जनावरं पाण्याखाली उभी असल्यासारखी हलत होती. मी दुसरी गोळी टाकेपर्यंत ती झुडपांत चालत गेली. धावत नव्हती. चालत गेली. आम्ही तिला शोधलं. रक्ताचा माग नेच्यावरून, मग दगडांवरून, मग पाण्यात. ती सापडली तेव्हा जिवंत होती आणि बाकीच्या दोघी पलीकडे उभ्याच होत्या. कुठे बघायचं हे त्यांना कळत नव्हतं, कारण आवाजच नव्हता. मी जवळ जाऊन काम संपवलं. बाई, मी कधी रडत नाही कामावर. तेव्हाही रडले नाही. फक्त मला वाटलं, हे असंच पुन्हा होणार असेल तर कान वाचवण्यात काय अर्थ आहे? आणि कान न वाचवता हे काम सोडायचं, तर मी कोण?

परत येताना गाडीत मला शाळेच्या फाटकाचं कुलूप आठवलं. तेच, हातभर किल्लीचं. तुम्ही ते सुतळीने आमच्या नळीच्या टोकाला बांधायच्या आणि म्हणायच्या, ‘धर आता.’ आम्ही थरथरायचो. एका मुलीने हुशारी केली. तिने दस्त्याला मागून रुमालात दगड बांधला. बोटावर रायफल छान तोलली गेली. तुम्ही दगड सोडवलात, ओढ्यात फेकलात, रुमाल तिला परत दिलात. ‘वजन पुढे आलंय ना? मग तू पुढे जा. हात पुढे ने, पायांतलं अंतर वाढव. मागे दगड बांधून काय होणार, दोन दगड होणार.’ ती हुशार मुलगी मी नव्हते. पण मी तिच्या शेजारी उभी होते, मी ते ऐकलं होतं, आणि इतक्या वर्षांनी, पदवी घेऊन, शिशाच्या गोळ्या मोजून-मापून भरल्या.

गॅरेजमध्ये सगळं शिसं काढलं. म्हाताऱ्याच्या ओळखीच्या बंदूक-कारागिराकडून नळी परवानगीत बसेल तेवढी आखूड करून घेतली आणि आधीपेक्षा हलकं नळकांडं बसवलं. तरी टोक जरा जडच राहिलं. राहू दिलं. मग रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी रिकामी रायफल घेऊन भिंतीवरच्या एका खिळ्यावर धरायची, डावा हात पुढे, आणखी पुढे, जिथे कोपर बरगडीला टेकत नाही तिथे. आधी हात भरून यायचे. नंतर एका संध्याकाळी ते वजन मला खाली ओढत नव्हतं. ते मला जागेवर ठेवत होतं, गर्दीत कुणी खांद्यावर हात ठेवावा तसं.

त्याच आठवड्यात मी भाजी चिरत होते आणि मुलगी टेबलावर अभ्यास करत होती. ती म्हणाली, ‘मम्, यू आर डुइंग इट अगेन.’

‘काय?’

‘द हमिंग थिंग. इट्स क्रीपी.’

‘मी? मी काही गुणगुणत नाहीये.’

‘यू सो आर. लाइक अ फ्रिज.’ तिने तो सूर काढून दाखवला. माझ्या हातातली सुरी थांबली. बाई, तो तुमचा होता. एकच, खालचा, लांबच्या गिरणीसारखा. मी विचारलं, कधीपासून करते मी हे? ती म्हणाली, ‘डन्नो. सिन्स युअर इअर थिंग.’ आणि परत पुस्तकात डोकं घातलं.

मी कारणं शोधणारी आहे, तुम्हीच तशी सवय लावलीत. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस गुणगुणतो, तुमचं तसंच होतं, माझं तसंच झालं, आणि सूर लहानपणी कानात बसलेला. एवढं पुरेसं आहे. मी ते डायरीत लिहिलं आणि मला बरं वाटलं. गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात आम्ही त्याच पाणलोटात होतो. सकाळचं ऊन वर आलेलं. या वेळी मी आडवी होते, पालथी, रायफल पिशवीवर टेकवून, डावा हात पुढे. समोर दोन माद्या. त्या दिवशीच्याच का, मला माहीत नाही, आणि तसं म्हणायचा मला मोह होतोय म्हणून म्हणत नाही. वारा आमच्या तोंडावर होता, त्यांना आमचा वास नव्हता. म्हातारा माझ्या उजवीकडे, दुर्बीण लावून. दोन्ही कानांत बोळे. आणि मला सूर ऐकू आला, डाव्या कानात, ज्याला धड ऐकू येत नाही त्या कानात. मी आधी स्वतःला तपासलं. ओठ मिटलेले. घशावर अंगठा टेकवून पाहिला. घसा शांत होता. सूर चालूच.

दोन्ही सांबरांनी माना वर केल्या. कान पुढे वळवले. मला वाटलं, संपलं, दिसलो आपण. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हाताऱ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या डाव्या खांद्याच्या वर, जरा मागे, माणूस उभा असेल तर त्याचं तोंड जिथे येईल तिथे बघत होत्या. त्यांना भीती वाटत नव्हती. एकीने पुढचा पाय उचलला आणि आपटला नाही, अलगद खाली ठेवला. नळी हलत नव्हती. टोकाचं ते वजन मला माझ्या हातांतून जाणवत होतं आणि जमीन पोटाखालून. सूर थांबला.

मी गोळी सोडली. मादी जिथे होती तिथेच बसली, तिला काही कळलं नाही. दुसरी अजून तिथेच बघत होती, माझ्या डावीकडे. खूप वेळाने ती वळली आणि झाडीत गेली.

‘ब्यूटिफुल,’ म्हातारा म्हणाला. मग दुर्बीण न काढता, ‘दे वेअर लुकिंग अॅट समथिंग.’

‘आवाज डोंगरावरून परत येतो, तिकडे बघतात. तूच सांगितलंस,’ मी इंग्रजीत म्हणाले.

‘याह. आफ्टर द शॉट.’ त्याने दुर्बीण गळ्यात टाकली. ‘नॉट बिफोर.’ आणि तो उतार उतरू लागला. मी उठले तेव्हा डावीकडच्या गवताकडे पाहिलं नाही. गाडीत पिशवी ठेवताना कुंकवाची डबी उघडली. सकाळची गाडी थंडगार होती. मेण मऊ होतं, कुणी नुकतंच बोटांत मळल्यासारखं. मी डबी बंद केली. याचं कारण मी शोधलेलं नाही, आणि डायरीत हे लिहिलेलंही नाही. इथे लिहिते आहे, कारण हा कागद कुठे जाणार नाही. तुमचा पत्ता म्हणजे ओढ्याकाठचा तो मातीचा बांध, आणि तिथे आता काय आहे मला ठाऊक नाही.

काल कानाची तपासणी होती. काचेच्या खोलीतून बाहेर आल्यावर दवाखान्यातल्या त्या बाईने विचारलं, कानात काही वाजतं का, शिट्टी, गुंजन, काहीही? असेल तर उपाय आहेत, ती म्हणाली, बऱ्याचदा थांबतं. मी म्हटलं, नाही. काहीच नाही.

आणि एवढंच राहिलं. आज सकाळी कामावर मी दोन्ही कानांत बोळे घातले, म्हाताऱ्याला दिसतील असे. आडवी झाल्यावर डाव्या कानातला काढून मुठीत धरला. तुम्ही रागवाल. रागवा, बाई. पण रागवायला तरी आहात तिथेच उभ्या राहा.